सेट संपल्यावर हृदयात काय चालतं: बायकांच्या आणि पुरुषांच्या

समजा, नवरा-बायकोने एकाच दिवशी जिम लावलं आणि एकाच कंपनीचं घड्याळ दोघांनी मनगटावर बांधलं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तिची नाडी ७४ दिसते, त्याची ६६. घरात लगेच निकाल लागतो: त्याचं हृदय जास्त तयारीचं. चार दिवसांनी ती ॲपमधला एचआरव्हीचा, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं याचा, रकाना उघडते, तर तिथे तिचा आकडा त्याच्या वर. पुन्हा नवा निकाल. आकडे दोन्ही वेळा बरोबर असू शकतात, निकाल मात्र दोन्ही वेळा घाईचा. मज्जासंस्था हृदयाला आवरते आणि पळवते ती पद्धत बाईत आणि पुरुषात पूर्ण सारखी नसते. वजनं उचलायला लागलं की हा फरक चांगलाच उघडा पडतो.

आधी मूळ यंत्रणा समजून घेऊ. हृदय मेंदूच्या हुकमाची वाट बघत बसत नाही. उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो, प्रत्येक ठोका तिथून सुरू होतो. मज्जासंस्थेचे सगळे निरोप औषधांनी अडवून या पुंजक्याला त्याच्या मर्जीवर सोडलं तर तो किती वेगाने चालेल? जोस आणि कॉलिसन या संशोधकांनी १९७० मध्ये त्याचं सूत्रच मांडलं: ११८.१ मधून वयाची ०.५७ पट वजा करायची. विसाव्या वर्षी उत्तर येतं १०७ च्या आसपास, साठाव्या वर्षी ८४. हृदयप्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी बसल्या जागीही ९०-१०० च्या घरात असते ती यामुळेच. नवं हृदय बसवताना रक्तवाहिन्या जोडता येतात, मज्जातंतू जोडता येत नाहीत.

म्हणजे तुमची-आमची सत्तरची नाडी ही हृदयाची मूळ चाल नव्हेच, ती आवरून धरलेली चाल आहे. गाडीवान बैलाचा कासरा ताणून धरतो तसा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला दिवसभर मागे ओढत असतो. हा मेंदूच्या बुडातून निघून मानेतून छातीत उतरतो आणि परानुकंपी संस्थेचा भाग आहे. दुसऱ्या हातात आसूड घेऊन बसलेली असते ती अनुकंपी संस्था: नाडी वाढवणारी, ठोक्याचा जोर वाढवणारी, रक्तवाहिन्या आवळणारी. दोघांच्या वेगात मोठा फरक आहे. कासरा सैल झाल्याचा किंवा ताणल्याचा परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो. आसुडाचा परिणाम चढायला काही सेकंद लागतात, आणि उतरायला तर बराच वेळ.

व्हेगस हे काम रसायनाच्या मार्फत करतो हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दाखवलं. प्रयोग इतका साधा की आज कॉलेजात करता येईल. बेडकाची दोन जिवंत हृदयं क्षारपाण्यात ठेवली. पहिल्याच्या व्हेगसला विजेचा झटका दिला, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं पाणी उचलून दुसऱ्या हृदयावर सोडलं. त्याला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. त्या पाण्यात ॲसिटिलकोलीन उतरलं होतं. १९३६ चं नोबेल लोवी यांना हेन्री डेल यांच्याबरोबर मिळालं.

आता एचआरव्ही. श्वास आत घेताना कासरा किंचित सैल होतो आणि ठोके जवळ जवळ पडतात. श्वास सोडताना तो ताणला जातो आणि ठोके लांबतात. दोन ठोक्यांमधल्या अंतराचा हा चढउतार मोजला की व्हेगसचा हात किती जागा आहे याचा अंदाज येतो. अंदाजच, कारण चढउतारात इतर लहरीही मिसळलेल्या असतात. फक्त श्वासाच्या तालावर हलणारा भाग वेगळा काढला तर तो प्रामुख्याने व्हेगसचा मानला जातो.

याच ठिकाणी बायकांचं कोडं उभं राहतं. केनिग आणि थेअर यांनी २०१६ मध्ये १७२ अभ्यास एकत्र केले, एकूण ६३,६१२ निरोगी माणसं. बायकांची नाडी सरासरीने जास्त निघाली आणि अंतरांचा एकूण पसाराही कमी निघाला. पण श्वासाच्या तालावर हलणारा भाग मात्र बायकांत जास्त. म्हणजे कासऱ्यावरची पकड जास्त आणि तरी बैल जास्त वेगात! उलगडा पुंजक्यातच आहे. दोन्ही मज्जासंस्था औषधांनी बंद केल्यावरही बायकांचं हृदय सरासरीने जास्त वेगाने चालतं, म्हणजे तिची मूळ चालच जलद. शिवाय बाईचं हृदय आकाराने लहान, एका ठोक्यात ते कमी रक्त ढकलतं, त्यामुळे तेवढंच काम करायला ठोके जास्त लागतात. जास्त नाडी दिसली म्हणजे शरीर ताणाखाली आहे, हा नियम बाईला सरसकट लावता येत नाही.

घड्याळांनी यात आणखी घोळ घातलाय. ॲपल वॉच एचआरव्ही म्हणून जो आकडा देतं तो एसडीएनएन, म्हणजे अंतरांचा एकूण पसारा. व्हूपचा पट्टा आणि ओराची अंगठी लागोपाठच्या दोन ठोक्यांतला फरक मोजतात, आरएमएसएसडी, जो व्हेगसच्या जास्त जवळचा आहे. पहिल्या मापात बायका सरासरीने खाली दिसतात हे वर आलंच. तेव्हा घरात दोन ब्रँड असतील तर आकड्यांची तुलना करून भांडू नये.

आता प्रत्यक्ष सेटकडे, म्हणजे वजन लागोपाठ काही वेळा उचलायच्या एका फेरीकडे. लेग प्रेसचं यंत्र, जड वजन, शेवटच्या तीन रेप्स, म्हणजे शेवटच्या तीन उचली. पायांनी जोर लावायच्या क्षणी, पहिल्या एका सेकंदातच, नाडी उसळते. आसूड अजून उचललेलाही नसतो. हे नुसतं कासरा सोडण्याचं काम आहे. वजन हलेनासं झालं की माणूस आपसूक श्वास कोंडतो. सतराव्या-अठराव्या शतकातले इटालियन शरीरशास्त्रज्ञ व्हाल्साल्वा यांच्या नावाने हे कोंडणं ओळखलं जातं, आणि त्यांना त्यात रस होता तो कानाच्या संदर्भात. कोंडलेल्या श्वासाने छातीतला दाब वाढतो, तो थेट धमन्यांवर पडतो आणि रक्तदाब उडी घेतो. पण त्याच दाबामुळे शिरांतून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. दोन-चार सेकंदांत हृदयाला भरायला रक्त कमी पडू लागतं आणि नाडी आणखी वाढते. रेप संपते, माणूस ‘हाऽऽ’ करून श्वास सोडतो, दाब धाडकन खाली येतो. मग अडलेलं रक्त एकदम हृदयात शिरतं, दाब पुन्हा वर जातो, आणि मानेतल्या धमनीतले दाब जोखणारे मज्जातंतू व्हेगसला सांगतात की आता ओढ. नाडी पटकन उतरते.

हा दाब किती चढतो? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या दंडातल्या धमनीत नळी घालून तो मोजला आणि १९८५ मध्ये छापला. दोन्ही पायांच्या लेग प्रेसला गटाची सरासरी निघाली ३२०/२५०. एकाचा दाब ४८०/३५० च्याही वर गेला. दवाखान्यात १४०/९० ला डॉक्टर भुवया उंचावतात हे लक्षात घ्या. सेटमधला हा दाब काही सेकंदांचा असतो आणि निरोगी माणूस तो सोसतो, पण जिमचा ट्रेनर ‘श्वास सोडत उचला’ असं सारखं का ओरडतो ते यावरून कळावं. त्या अभ्यासात एकही बाई नव्हती. या गोष्टीकडे पुन्हा येतो.

दाब वाढवणारा दुसरा रस्ता स्नायूंतून येतो. आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो, आत आम्ल आणि इतर टाकाऊ पदार्थ साचतात, आणि स्नायूतले बारीक मज्जातंतू मेंदूला कळवतात की इथे रक्त पोचत नाही. मेंदू आसूड उगारतो: नाडी वाढव, बाकीच्या रक्तवाहिन्या आवळ, दाब चढव. आलम आणि स्मर्क यांनी १९३७ मध्ये हे फार हुशारीने सिद्ध केलं. व्यायाम थांबायच्या वेळी पट्ट्याने रक्तपुरवठा अडवून ठेवला, तर स्नायू विश्रांतीत असूनही दाब चढलेलाच राहिला. पट्टा सोडला तेव्हा उतरला.

ही प्रतिक्रिया तरुण बायकांत सरासरीने सौम्य असते. मुठीने पकड आवळून धरायच्या प्रयोगांत पुरुषांचा दाब जास्त चढतो, मज्जातंतूंतली अनुकंपी हालचालही जास्त वाढते. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. बाईच्या स्नायूंत दमाने चालणाऱ्या, हळू थकणाऱ्या तंतूंचा वाटा सहसा जास्त असतो, त्यामुळे कचरा कमी साचतो. आणि दुसरं कारण अगदी सरळ: पुरुषाची पकड जोरकस, म्हणून तो स्वतःच्या रक्तवाहिन्या जास्त घट्ट दाबतो. सारख्या ताकदीचे पुरुष आणि बायका निवडून सलग आवळून धरायला लावलं, तर दोघं साधारण सारखाच वेळ टिकतात. म्हणजे आपण ज्याला स्त्री-पुरुष फरक म्हणतो त्यातला काही भाग निव्वळ ताकदीचा फरक असतो. मला वाटतं या विषयावरचे निम्मे मथळे इथेच घसरतात.

पण एक फरक ताकदीच्या पलीकडचा आहे, आणि तो मला सगळ्यांत जास्त आवडतो. स्वीडनमधल्या उप्साला इथे हागबार्थ आणि वाल्बो यांनी १९६० च्या दशकात एक तंत्र काढलं. केसासारखी बारीक सुई गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे मज्जातंतू हाडावरून कातडीच्या अगदी जवळून जातो, तिथे टोचायची आणि जागेपणी, बोलत्या-चालत्या माणसातला अनुकंपी संदेश ऐकायचा. यंत्रातून तो ठोक्यांच्या तालावर खरखरीच्या झुळका येतात तसा ऐकू येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये या तंत्राने तरुण पुरुष आणि तरुण स्त्रिया तपासल्या गेल्या. पुरुषांत अपेक्षेप्रमाणे निघालं: खरखर जितकी जास्त तितक्या रक्तवाहिन्या जास्त आवळलेल्या. तरुण स्त्रियांत हा संबंधच सापडेना. कुणाची खरखर जास्त, तरी वाहिन्या मोकळ्याच.

मग स्त्रियांना प्रोप्रॅनोलॉल दिलं. पेशींवर ॲड्रिनलिनचा निरोप झेलणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात; त्यांतल्या बीटा नावाच्या ग्राहकांना हे औषध झाकून टाकतं. ते देताच पुरुषांतला संबंध स्त्रियांतही दिसू लागला. याचा अर्थ, तरुण बाईत अनुकंपी संस्था रक्तवाहिन्या आवळते तेव्हाच तिच्या वाहिन्यांतले बीटा ग्राहक त्या सैलही करत असतात, आणि दोन्ही एकमेकांना फिटवून टाकतात. यामागे इस्ट्रोजेनचा हात आहे असं मानायला जागा आहे, कारण पाळी गेल्यावर हे संरक्षण ओसरतं. त्या वयात बायकांची अनुकंपी हालचाल पुरुषांपेक्षा झपाट्याने वाढते आणि ती थेट रक्तदाबात उतरते. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे. पन्नाशीपर्यंत कधी बीपीचं नाव न काढलेल्या बायकांना अचानक गोळी सुरू होते, त्यामागे वजन, मीठ, झोप हे सगळं आहेच, हेही आहे.

सेट संपल्यानंतरच्या तासाभरात काय होतं ते बघू. वजनांच्या व्यायामानंतर कासरा लगेच पुन्हा ताणला जात नाही. चालण्या-पळण्याच्या तुलनेत व्हेगस जरा जास्त वेळ सैल राहतो. अर्ध्या तासानंतरही एचआरव्ही खालीच असलेली दिसते. हे दोघांतही होतं. त्याच वेळी रक्तदाब मात्र व्यायामाआधीच्या पातळीच्या किंचित खाली जातो, आणि इथे ब्राझीलमधल्या एका प्रयोगाने गंमत दाखवली. दाब बायकांत आणि पुरुषांत सारखाच उतरला, पण पुरुषांत हृदय कमी रक्त ढकलत होतं म्हणून, आणि बायकांत रक्तवाहिन्या सैल झाल्या होत्या म्हणून. बीपीच्या मशीनवर आकडा तोच. मशीनला रस्ता दिसत नाही.

यातून एक रोजच्या कामाची गोष्ट निघते. स्क्वॉट किंवा लेग प्रेसनंतर लगेच ताठ उभं राहून मोबाइल बघणाऱ्या मुलींना डोळ्यांपुढे अंधारी येते ती बरेचदा ‘काही खाल्लं नाहीस’ म्हणून नव्हे. पायांतल्या वाहिन्या मोकळ्या, रक्त खाली साचलेलं, आणि लहान हृदयाला भरून घ्यायला कमी रक्त मिळालेलं. उभं राहिल्यावर चक्कर येण्याचं प्रमाण बायकांत जास्त असण्याचं एक मुख्य कारण हृदयाचा आकार हेच आहे. सेटनंतर दोन मिनिटं चालत राहावं, पोटऱ्यांची हालचाल रक्त वर ढकलते. खूपच गरगरलं तर खाली बसावं, लाज वाटून घेऊ नये.

महिनोन्‌महिने वजनं उचलली तर व्हेगस बळकट होतो का? तरुण, निरोगी माणसांत विश्रांतीच्या एचआरव्हीवर फारसा फरक पडत नाही, मग तो पुरुष असो की बाई. मध्यमवयीन, वयस्क आणि आजारी माणसांत सुधारणा दिसते. अंगभर दुखणाऱ्या फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांत, ज्यात बहुतेक बायकाच असतात, सोळा आठवड्यांच्या एका प्रयोगात एचआरव्ही वाढली. बारा आठवड्यांच्या दुसऱ्यात वाढली नाही. रक्तदाबाचं चित्र जास्त स्पष्ट आहे. हातात पकड-यंत्र आवळून धरायच्या आठ आठवड्यांच्या सरावाने तरुण पुरुष आणि तरुण स्त्रिया दोघांचा विश्रांतीतला दाब सारखाच उतरला.

इतके गोंधळलेले निकाल का? मॅकडूगल यांच्या गटात बाई नव्हती ते आठवा. पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून आहे. बायकांना ते खुलं झालं २००० मध्ये सिडनीला, जिथे कर्णम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून ब्राँझ आणलं आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई ठरली. जी बाई आखाड्यातच दिसत नव्हती ती प्रयोगशाळेत कुठून येणार? अमेरिकेत सरकारी पैशावर होणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांत बायका घ्याव्याच लागतील असा कायदा झाला तो १९९३ साली. त्याआधी ‘पाळीमुळे मोजमाप बिघडतं’ हे कारण सर्रास चालायचं. मोजमाप खरंच बदलतं: पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत नाडी थोडी वाढते, व्हेगसचा आकडा थोडा उतरतो. पण ते बिघडणं नव्हे, तीच तर मोजायची गोष्ट होती.

एवढं असूनही बायकांनी वजनं उचलावीत का, या प्रश्नाला बळकट उत्तर मिळालंय. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ४,१२,४१३ प्रौढांच्या माहितीचा अभ्यास आला. ताकदीचा व्यायाम करणाऱ्या पुरुषांत मृत्यूची जोखीम न करणाऱ्यांपेक्षा ११ टक्क्यांनी कमी होती, बायकांत १९ टक्क्यांनी. फक्त हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू घेतले तर पुरुषांत ११ आणि बायकांत ३० टक्के. पुरुषांना जो लाभ आठवड्यातून तीनदा केल्यावर दिसला तेवढा बायकांना एकदाच केल्यावर. ही निरीक्षणं आहेत. वजनं उचलणारी बाई एरवीही तब्येतीला जपणारी असू शकते, तेव्हा सगळं श्रेय डंबेलला देता येणार नाही.

घड्याळ वापरायचंच असेल तर सकाळी, चहाच्या आधी, झोपूनच आकडा बघावा आणि तो स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडावा. पाळी सुरू असेल तर मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी. नवऱ्याशी नको, बहिणीशीही नको.

एका औषधाबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. मेयोच्या प्रयोगातलं प्रोप्रॅनोलॉल आपल्याकडे अर्धशिशी रोखायला आणि घाबरल्यावर हात थरथरणाऱ्यांना सर्रास देतात, आणि अर्धशिशी बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. ही गोळी घेणाऱ्या मुलीची नाडी जड सेटलाही फारशी वर जात नाही, तेव्हा घड्याळावरून ‘अजून दम आहे’ असं ठरवणं फसवं. शिवाय रक्तवाहिन्या सैल ठेवणारा जो रस्ता आपण वर पाहिला, तोही ही गोळी अडवते. तिने गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आपण वजनं उचलतो हे आपणहून सांगावं, कारण हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आणि जिममध्ये नाडीचा आकडा सोडून द्यावा. दोन रेप्सच्या मध्ये एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता येतं का, ते बघावं.